विचारा गॅरेजवाल्याला : पाण्यात बंद पडलेली कार, बॉनेटवरचा नारळ आणि काळ्या पाटीची गाडी

जुलैच्या पत्रांचा विषय मला पाकीट फोडण्याआधीच कळतो. माझे गॅरेज साखळीला, वाळवंटीपासून फार लांब नाही. पाऊस चार दिवस लागून राहिला की गाड्या टोचन करून यायला लागतात आणि पाठोपाठ पत्रे. यंदाही पाण्याचीच जास्त आहेत. सारख्या विषयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देतो आहे. नावे छापत नाही, कारण दोघातिघांचे विमा कंपनीशी भांडण अजून चालू आहे.

रस्त्यावर पाणी होते. पुढची बस आरामात गेली म्हणून मेव्हण्याने माझी कार घातली. मध्येच बंद पडली. त्याने तीन-चार वेळा सेल्फ मारला, पण चालू झाली नाही. वर्कशॉपवाले म्हणतात कनेक्टिंग रॉड वाकला आहे, खर्च लाखाच्या वर जाईल. विमा कंपनी इंजिनाचे पैसे द्यायला तयार नाही. माझी पॉलिसी तर फुल इन्शुरन्सची आहे. काय करू?
— एक वाचक, डिचोली

बस गेली म्हणून कार जाईल, या हिशेबावर दर पावसाळ्यात कुणाचे तरी इंजिन जाते. बसची हवा ओढायची नळी उंचावर असते. तुमच्या कारची बॉनेटखाली, पुढच्या जाळीच्या आसपास. त्यातून बसने ढकललेली लाट मागच्या गाडीवर येते, म्हणजे पाणी गुडघ्याएवढे असले तरी जाळीपाशी ते त्याहून वर चढते. तिथून थेट एअर फिल्टर आणि सिलिंडर.

सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो. पाणी दाबले जात नाही. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरा, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या ढकलून बघा. हात थांबतो ना? सेल्फची मोटर मात्र थांबत नाही, ढकलतच राहते. मग जे कमजोर ते वाकते, आणि ते म्हणजे पिस्टनला ढकलणारा कनेक्टिंग रॉड. गाडी हळू चाललेली असताना बंद पडली असेल तर त्या क्षणी रॉड बहुतेक वेळा शाबूत असतो. त्याला वाकवतो तो नंतर मारलेला सेल्फ.

विमा कंपनी याच फटीत बोट घालते. पुराने झालेले नुकसान साध्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे तुम्ही म्हणता त्या फुल इन्शुरन्समध्ये, येते. पण पाण्यात बंद पडलेले इंजिन चालू करायला जाऊन जे मोडले, ते कंपनीच्या लेखी परिणामी नुकसान, आणि ते पॉलिसीत वगळलेले असते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचे वेगळे कव्हर वरचे पैसे भरून घ्यावे लागते. वाळवंटी, म्हादई, शापोरा यांच्या काठच्या माणसाने ते घ्यावेच, असे माझे स्पष्ट मत आहे. सांग्याच्या डोंगरावर राहणाऱ्याने नाही घेतले तरी चालेल.

आता तुमच्यापुरते. इंजिन नाकारले म्हणून सगळा क्लेम सोडून देऊ नका. सीटा, कार्पेट, वायरिंग, सेन्सर, पाणी शिरलेले अल्टरनेटर हे सगळे पुराने थेट भिजलेले आहे. त्याचा हिशेब वेगळा मागा. गाडी उचलून आणण्याचा खर्चही साध्या पॉलिसीत १,५०० रुपयांपर्यंत मिळतो. नकार लेखी घ्या आणि कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्या सर्वेअरच्या अहवालाची प्रत मागा. तुमचा मेव्हणा वेगात पाण्यात घुसला असेल, तर बंद पडता पडताच रॉड वाकलेला असू शकतो. तसे असेल तर नुकसान थेट पाण्याचे झाले, सेल्फचे नव्हे. वर्कशॉपकडून रॉडचे फोटो आणि लेखी मत घेऊन हा मुद्दा कंपनीच्या तक्रार विभागाकडे मांडा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. गोव्याचे काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे. फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून वर्षभराच्या आत तक्रार करायची. पण सर्वेअरसमोर मेव्हण्याने 'मी चार वेळा सेल्फ मारला' असे आधीच सांगितले असेल, तर रॉडच्या पैशांची फार आशा धरू नका.

बाकीच्या वाचकांसाठी: पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसले की गाडी घालू नका. घातली आणि बंद पडली, तर चावी बंद करा आणि तिला हात लावू नका. पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, कंपनीला फोन करा, गाडी ढकलून किंवा टोचन करून बाहेर काढा. आमच्याकडे आली की आम्ही आधी स्पार्क प्लग काढतो (डिझेल असेल तर इंजेक्टर) आणि इंजिन पान्याने हाताने फिरवतो. प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडते. ती उडाली आणि इंजिन अडखळल्याशिवाय फिरले, की माझा जीव भांड्यात पडतो. मग ऑइलची पट्टी ओढून बघायची. तेल पांढरट, फेसाळ दिसले तर तेल आणि फिल्टर दोन्ही बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचे नाही. एवढे केल्यावर कितीतरी गाड्या काही हजारांत रस्त्याला लागतात.

अंगणात माडाखाली गाडी उभी होती, नारळ पडून बॉनेट चेपले. गाडी चौथ्या वर्षात आहे, आजवर एकदाही क्लेम केलेला नाही. वर्कशॉपने नवे बॉनेट ८,०००, रंग ४,५०० आणि मजुरी २,००० असे १४,५०० सांगितले. नारळाचा क्लेम मिळतो का? घरचे म्हणतात, इतकी वर्षे हप्ते भरतो आहोत तर घ्या की पैसे.
— एक शिक्षिका, माशेल

मिळतो, ताई. बाहेरून अचानक काही पडून झालेले नुकसान अपघातातच येते, मग ते माडाचे असो की आंब्याच्या फांदीचे. पण क्लेम करण्याआधी कागद-पेन्सिल घ्या.

तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, सध्या ३५ टक्के असणार. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता, म्हणजे थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग) सोडून उरलेला भाग, बोनस न धरता १०,००० आहे असे समजू. क्लेम केला नाही तर पुढची सूट ४५ टक्के, मग ५० आणि तिथेच कायम. क्लेम केला तर पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असे पुन्हा पायऱ्या चढायच्या. म्हणजे पहिल्या वर्षी ४,५०० जास्त भराल, दुसऱ्या वर्षी ३,०००, मग २,५००, १,५०० आणि ५००. एकूण १२,०००. दर वर्षी गाडीची विमा किंमत उतरते, त्यामुळे खरा आकडा याहून थोडा कमी येईल, जीएसटी धरला तर थोडा वर.

आता कंपनी देणार किती? झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापण्याचे जादा कव्हर, नसेल तर चौथ्या वर्षातल्या गाडीच्या पत्र्याच्या भागावर २५ टक्के घसारा कापतात, म्हणजे बॉनेटचे २,००० गेले. रंगाच्या बिलातला पाव हिस्सा मटेरियलचा धरून त्याचा अर्धा कापतात, साधारण ५६० गेले. आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० तुमच्या खिशातले. हातात पडतात जेमतेम १०,९००. बारा हजार घालवून अकरा हजार मिळवायचे, वर सर्वेअरची वाट बघत गाडी वर्कशॉपात.

तुमच्या पॉलिसीत क्लेम केला तरी बोनस राखणारे बोनस प्रोटेक्टचे कव्हर असेल तर हे सगळे गणित बदलते. आधी ते बघा आणि असेल तर खुशाल क्लेम करा. नसेल तर नवे बॉनेट घालायचीही घाई नको. नारळाचा चेप गोल असतो, धार नसते. खालच्या पट्टीचे वेल्डिंग सुटले नसेल तर चांगला डेंटर पत्रा आतून उचलून देतो. फोंड्याच्या बाजूला असे हात अजून आहेत. रंग मात्र पूर्ण बॉनेटला मारून घ्या, नुसत्या ठिपक्याला मारला तर उन्हात वेगळा दिसतो.

आणि नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला पावसाआधी बोलवा, ताई. त्याची वाट बघण्यात माणसे महिना घालवतात हे मला ठाऊक आहे, पण तोवर गाडी निदान दुसरीकडे लावा.

वेर्ण्याला पहिलीच नोकरी लागली आहे. कळंगूटला एक तीन वर्षांची हॅचबॅक बघितली. आधी रेंट-अ-कॅब होती, आता पांढरी पाटी करून विकतो म्हणतो. मीटरवर ४२ हजार किलोमीटर, किंमत बाजारापेक्षा बरीच कमी. घेऊ का? मित्र म्हणतो, सीझनला पर्यटकांना भाड्याने दिलीस तर हप्ता आपोआप सुटेल.
— एक तरुण, केपे

मित्राचे आधी ऐकू नकोस. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे, आणि खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही. पर्यटकाने एखाद्याला उडवले तर नुकसानभरपाईच्या दाव्यात गाडीचा मालक म्हणून तुझे नाव येईल. पर्यटक तोवर विमानात बसलेला असेल.

आता गाडी. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या रेंट-अ-कॅबच्या, सगळ्या गाड्या वाईट असतात असे नाही. काही मालक त्यांची सर्व्हिस वेळेवर करतात, कारण गाडी उभी राहिली तर धंदा बुडतो. पण ती रोज नव्या माणसाच्या हाती असते, आणि त्यातला एखादा तरी ती मोरजीच्या नाहीतर हणजुण्याच्या वाळूत घालतोच. भरतीचे पाणी चाकाला लागले की खारट पाणी खालच्या पत्र्यात शिरते आणि वरून कितीही पॉलिश मारले तरी आतून खात राहते. म्हणून दाराचा रंग बघायच्या आधी गाडी रॅम्पवर चढवायला सांग आणि टॉर्च घेऊन खाली जा. पुढची सबफ्रेम, सायलेन्सरचे जोड, ब्रेकच्या बारीक नळ्या. वरवरचा तांबूस गंज समुद्राकाठी सगळ्यांनाच असतो. पान्याच्या टोकाने टोचल्यावर पापुद्रे सुटले तर नमस्कार कर आणि निघ. खाली सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला असेल तरी निघ.

मग आत ये. ४२ हजार खरे असतील तर क्लचच्या पॅडलचे रबर अजून खरबरीत असायला हवे. ते गुळगुळीत होऊन कडेने झिजलेले असेल, स्टिअरिंग चकचकीत झाले असेल आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसली असेल, तर मीटर खोटे बोलतो आहे. टायरवर चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर नवे आणि मीटर कमी, यालाही कारण विचार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन जुन्या नोंदींतले किलोमीटर ताडून बघ. मीटर फिरवणारे ही नोंद पुसू शकत नाहीत.

पुराची गाडी आहे का, तेही बघून घे. २०२१ च्या जुलैत सत्तरी-डिचोलीत पाणी भरले, त्यानंतर आतून-बाहेरून धुऊन विकायला काढलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ, अगदी शेवटपर्यंत. विकणारा सीटा धुतो, कार्पेट बदलतो, सुगंधी बाटली टांगतो, पण बेल्टची शेवटची वीत कुणी धूत नाही. चिखलाची रेघ तिथे सापडते. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघ, सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का ते हात फिरवून बघ.

कागदांत गाडीचा वर्ग खासगी झालेला आरसीवर दिसला पाहिजे, नुसती पाटी बदललेली नको. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचे बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५, विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. चलने थकली आहेत का ते ऑनलाइन बघ. विमा १४ दिवसांत तुझ्या नावावर करून घे. आणि विकणारा '५० टक्के बोनसवाली पॉलिसी आहे' असे सांगून भाव वाढवत असेल तर फसू नकोस. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. पॉलिसी तुझ्या नावावर होताना तो फरक तुलाच भरावा लागतो.

हे सगळे ठीक निघाले आणि आरसी नावावर होईपर्यंत थोडी रक्कम हातात राखून ठेवायला मालक तयार असेल, तर घे. तो तयार नसेल तर का नाही ते विचार, उत्तरावरून बरेच कळेल.

दोन वर्षांपूर्वी जुनी कार एकाला विकली. त्याने ती आणखी कुणाला तरी विकली. आरसी अजून माझ्याच नावावर. आता अपघाताच्या भरपाईच्या दाव्याची नोटीस मला आली आहे.
— एक निवृत्त कर्मचारी, वास्को

नोटीस घेऊन उद्याच वकील गाठा, हे गॅरेजचे काम नाही. पण एवढे सांगतो: 'मी केव्हाच विकली' हे उत्तर पुरत नाही. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, मधे कितीही हात बदललेले असोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशाच हस्तांतराच्या साखळीच्या प्रकरणात सांगितले आहे. अपघाताच्या दिवशी गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू होता का ते आधी शोधा. चालू असेल तर पुष्कळसा भार कंपनीवर जातो. विक्रीचा करार, पैसे खात्यात आल्याची नोंद, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत, जे काही असेल ते एकत्र करा.

इतरांनी यातून उचलायची गोष्ट: गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत वाहतूक खात्याला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची असते. घेणाऱ्याच्या भरवशावर राहू नका. आणि बोनस वाचवायला म्हणून विक्रीच्या दुसऱ्या दिवशी पॉलिसी रद्द करणाऱ्यांनो, आरसीवर तुमचे नाव असेपर्यंत ती पॉलिसीच तुमचे घर वाचवते. नाव बदलल्यावर कंपनीकडून बोनसचे पत्र घ्या, ते नव्या गाडीला तीन वर्षांपर्यंत चालते.

बेळगावहून चोर्ला घाटाने उतरताना ब्रेकमधून जळका वास आला आणि पॅडल मऊ लागायला लागले. गाडी एएमटी आहे. वर्कशॉप म्हणते पॅड ठीक आहेत. मग बिघाड कुठे?
— एक वाचक, म्हापसा

पॅड ठीकच असणार. अशा गाड्या केरीहून खाली आल्या की माझ्याच दारात थांबतात, मी वासावरून ओळखतो. एएमटी म्हणजे स्वतःच गिअर बदलणारी गाडी, आणि तुम्ही पूर्ण घाट 'डी'मध्ये ठेवून ब्रेकवर उतरलात. पॅड तापले, त्यांची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत गेली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते आणि आपल्या दमट हवेत तो जरा जास्तच. ओलावा असलेले तेल लवकर उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबला की जोर ब्रेकपर्यंत जाण्याऐवजी बुडबुडे दाबण्यात जातो. पॅडल मऊ लागते ते त्यामुळे. तेल शेवटचे कधी बदलले ते सर्व्हिसच्या पुस्तकात बघा. दोन वर्षांवर गेले असेल तर आधी तेच करून घ्या.

उतरताना एएमटी मॅन्युअलवर घ्या आणि दुसऱ्यात ठेवा, वळण तीव्र असेल तर पहिल्यात. गाडीला इंजिन धरून ठेवते, ब्रेक फक्त वळणाआधी दाबायचा आणि सोडायचा. न्यूट्रलमध्ये उतरवून पेट्रोल वाचवणारे महाभाग मला दर आठवड्याला भेटतात. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंदच होते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहते. म्हणजे पेट्रोलही जाते आणि ब्रेकही.

वास आलाच तर सुरक्षित जागा बघून अर्धा तास थांबा. गरम डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. हँडब्रेकही ओढून ठेवू नका, चाकाला दगड लावा.

यजमान बोटीवर असतात, गाडी सहा-सात महिने उभीच. दर वेळी बॅटरी बसलेली असते. आणि ई-२० पेट्रोलने गाडी खराब होते म्हणतात ते खरे का? आमची २०१६ ची आहे.
— एक वाचक, बाणावली

तारवट्यांच्या घरचे हे नेहमीचे दुखणे, ताई. रोज पाच मिनिटे गाडी नुसती चालू करून ठेवण्याचा काही उपयोग नाही, त्यात बॅटरी भरण्यापेक्षा रिकामी जास्त होते. आठवड्यातून एकदा कुणीतरी अर्धा तास फिरवून आणणार असेल तर उत्तम, नाहीतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. हँडब्रेक सोडा, गाडी गिअरमध्ये ठेवा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. पावसात उंदीर बॉनेटखाली घर करतात, म्हणून महिन्यातून एकदा तरी उघडून बघा.

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळे अॅव्हरेज थोडे उतरणारच. २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबर ई-२० साठी बनवलेले नाही, म्हणून सर्व्हिसला पेट्रोलच्या नळ्या आणि फ्युएल पंपाकडचे जोड बघायला सांगा. भेगा दिसल्या तर बदला. तुमच्या गाडीला खरा धोका उभे राहण्याचा आहे. इथेनॉल पाणी ओढते आणि अर्ध्या टाकीत दमट हवेला जागा मिळते. यजमान निघाले की टाकी भरून ठेवा. पंपावर विकायला ठेवलेल्या जादूच्या बाटल्या मात्र ओतू नका.

डाव्या बाजूचे कार्पेट सारखे ओले होते.
— एक वाचक, काणकोण

बोट लावून वास घ्या. साधे पाणी असेल आणि एसी चालवल्यावर वाढत असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे, दहा मिनिटांचे काम. पाऊस पडल्यावरच येत असेल तर काचेखालच्या जाळीत फणसाची पाने साचली आहेत का ते बघा. चिकट आणि गोडसर वासाचे असेल तर ते कूलंट आहे, हीटरची कॉइल गळते आहे. तशी गाडी लांब नेऊ नका, कूलंट संपून इंजिन तापेल.